वाचवलेलं वर्ष

आम्ही पुण्याला धानोरीत राहायचो. लढाऊ विमानांचा तळ तिथून जवळ. दिवसातून कितीतरी वेळा डोक्यावरून विमान जायचं आणि ते जाईपर्यंत कुणाचंच कुणाला ऐकू यायचं नाही. त्यामुळे आमच्या भागातल्या माणसांना एक सवय लागली होती. बोलता बोलता विमान आलं की माणूस असेल तिथे थांबायचा, शब्द अर्धा तोंडात असला तरी, आणि विमान गेलं की तिथूनच पुढे सुरू करायचा. शाळेत बाई ‘सात साते’ म्हणून थांबायच्या, खिडकीबाहेर बघायच्या आणि सगळं शांत झालं की ‘एकोणपन्नास’ म्हणायच्या. आई भाजीवाल्याशी घासाघीस करताना एक हात वर करून उभी राहायची, भाजीवालाही तसाच. बाहेरगावचे पाहुणे ओरडून बोलायला जायचे आणि दमायचे. आम्हाला त्यांची कीव यायची.

त्या थांबण्यात मी वर बघायचे. सगळे गप्प असताना एक मुलगी मान वर करून बघत असेल तर तिला कुणी काही म्हणत नाही. मला ते विमान चालवायचं होतं. प्रवाशांचं पांढरं विमान नको, ते राखाडी, आवाजाने भांडी हलवणारं. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं आणि आजही येत नाही. हवं होतं, बस.

सातवीत मला चष्मा लागला आणि नंबर वाढत गेला. बारावीनंतर आमच्या सोसायटीतले एक निवृत्त हवाईदल अधिकारी, आम्ही त्यांना काका म्हणायचो, त्यांच्याकडे मी चौकशीला गेले. त्यांनी माझ्या काचांकडे एकदा पाहिलं आणि फार मायेने म्हणाले, “बेटा, इंजिनिअरिंग कर.” मी इंजिनिअरिंग केलं. चिडून केलं, म्हणून मार्क बरे पडले. बाबांना वाटलं, मुलीच्या डोक्यातलं खूळ गेलं.

आता तारखेचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे.

माझा जन्म आजोळी झाला, साताऱ्याकडच्या एका गावात, एप्रिल महिन्यात, ऐन चैत्रात. मामाने आठवड्याभरात ग्रामपंचायतीत नोंद केली. गावातल्या गुरुजींनी पत्रिका मांडली. तीत दिवस, घटका, नक्षत्र, सगळं व्यवस्थित आहे. मग शाळेत घालायची वेळ आली तेव्हा मी पाच वर्षं आणि दीड महिन्याची होते आणि पहिलीला सहा पूर्ण लागत होती. बाबांना लहानपणी टायफॉइड झाला होता, त्यात सातवीचं वर्ष बुडालं होतं आणि पुढे मॅट्रिकपर्यंत ते धाकट्या मुलांच्या वर्गात बसले होते. ‘वर्ष वाया जाणं’ या गोष्टीची त्यांना अशी भीती होती की दुसऱ्या कुणाला सापाची असेल. ते हेडमास्तरांकडे गेले. हेडमास्तरांनी आदल्या वर्षीचा एक जून लिहिला. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांचा जन्म एक जूनचाच होता. हेडमास्तरांची ती आवडती तारीख होती. शाळा उघडायच्या सुमाराची, लक्षात ठेवायला सोपी.

अशी मी कागदावर साडेदहा महिन्यांनी मोठी झाले. बाबा पाणीपुरवठा खात्यात होते, अत्यंत सरळ माणूस, रस्त्यात सापडलेली छत्रीसुद्धा चौकीत नेऊन देणारे. या एका गोष्टीचा मात्र त्यांना अभिमान होता. माझा दहावीचा निकाल लागला तेव्हा ते पेढा हातावर ठेवून म्हणाले, “बघ, एक वर्ष वाचवलं मी तुझं.” इंजिनिअर झाले तेव्हा म्हणाले. अमेरिकेचा व्हिसा मिळाला तेव्हा म्हणाले. मलाही ते वर्ष कुठेतरी खरंच शिलकीत आहे असंच वाटायचं.

दोन वाढदिवसांचा आम्हाला कधी घोळ वाटला नाही. घरचे कपडे आणि बाहेरचे कपडे असतात तसं ते होतं. एप्रिलमध्ये औक्षण आणि श्रीखंड, जूनमध्ये फॉर्म. वर्षातून दीड महिना, माझ्या खऱ्या वाढदिवसापासून मेअखेरपर्यंत, माझी दोन्ही वयं जुळायची. बाकी साडेदहा महिने कागदावरची मी एका आकड्याने पुढे. ओहायोत एम.एस.ला आले तेव्हा आम्ही चौघी एका अपार्टमेंटमध्ये राहायचो. एक नागपूरची, एक लातूरची, एक कोल्हापूरची आणि मी. चौघींपैकी तिघींचा वाढदिवस एक जून. युनिव्हर्सिटीच्या कॉम्प्युटरने तिघींना एकाच सकाळी शुभेच्छा पाठवल्या. वर्गातल्या एका अमेरिकन मुलाने आम्ही तिळ्या आहोत का असं विचारलं आणि नागपूरकरणीने गंभीर चेहऱ्याने हो म्हणून सांगितलं.

पुढे मला ओहायोतल्याच डब्लिन नावाच्या गावात नोकरी लागली, एका विमा कंपनीच्या सॉफ्टवेअरची. एका मैत्रिणीच्या लग्नात माझा नवरा भेटला. तो अमेरिकेतच कॅरी नावाच्या गावात जन्मला, तिथेच वाढला. त्याचं मराठी समजण्याइतकं पक्कं आणि बोलण्याइतकं धीट. त्याच्या आईने मात्र पत्रिका मागवली, पाहिली आणि मला फोन केला. “अग, तू तर वर्षाने लहान निघालीस,” त्या म्हणाल्या. त्यांना फारच आनंद झाला होता. नवऱ्याने विचारलं, “वेट, मग कॅलेंडरमध्ये कुठली डेट टाकू?” मी म्हटलं, दोन्ही टाक. तेव्हापासून दर वर्षी दोन भेटी मिळतात. तिथे मात्र माझा फायदाच झाला.

त्याच्याशी लग्न झालं म्हणून माझं ग्रीन कार्ड माझ्या मैत्रिणींसारखं वर्षानुवर्षं रांगेत अडकलं नाही. पण त्यासाठी जन्माचा दाखला हवा होता. बाबा आजोळच्या ग्रामपंचायतीत गेले आणि एक जूनची नोंद शोधायला सांगितली. नोंद अर्थातच नव्हती. ग्रामसेवकाने तसं खरंखुरं लिहून दिलं. मग दाखला नाही म्हणून दोन नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं लागली. ती बाबांनी आणि मामाने केली. ज्या मामाने माझी खरी नोंद स्वतःच्या हाताने करून घेतली होती, त्यानेच खोटी तारीख शपथेवर सांगितली. फोनवर म्हणाला, “चार पानं पुढे आहेस तू त्याच रजिस्टरात. पण त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.” आम्ही दोघं खूप हसलो.

आमची लेक ऑक्टोबरात झाली. ती सहा महिन्यांची असताना, माझ्या एप्रिलच्या वाढदिवसाला, नवऱ्याने मला एक पाकीट दिलं. आमच्या घरापासून वीस मिनिटांवर एक छोटा विमानतळ आहे, तिथे अर्धा तास विमान चालवून बघायचं कूपन. त्याला वाटलं, झोप न झालेल्या बायकोला तेवढाच विरंगुळा. चार सीटांचं ते विमान दिसायला रिक्षाएवढंच होतं. शिकवणाऱ्या बाई साठीच्या पुढच्या, आखूड पांढरे केस, हातावर उन्हाचे डाग. जमीन सुटली तेव्हा मी रडायला लागले. लाज वाटावी इतकी रडले. बाईंनी माझ्याकडे बघितलं नाही. त्या समोर बघत म्हणाल्या, “नाक सरळ ठेव. विमानाचं.”

खाली उतरल्यावर कळलं की त्या वीस वर्षं सैनिकी विमान चालवत होत्या. शहराच्या पलीकडच्या टोकाला एक तळ आहे. तिथली मोठी राखाडी विमानं दुसऱ्या विमानांना हवेतच इंधन देतात. तिथले बरेच वैमानिक आपापल्या नोकऱ्या सांभाळून महिन्यातले काही दिवस जाऊन उडतात. कुणी शिक्षक, कुणी वकील. मी ऐकत राहिले. मग न राहवून चष्म्यावर बोट ठेवलं.

“डोळे दुरुस्त होतात,” बाई म्हणाल्या. “वय होत नाही. किती तुझं?”

तो एप्रिल होता, माझा दीड महिना नुकताच सुरू झाला होता. दोन्ही वयं एकच होती, त्यामुळे विचार करावाच लागला नाही. मी म्हटलं, “तीस.”

“तेहेतिसाच्या आत ट्रेनिंग सुरू व्हायला हवं. आणि सिटिझन हवीस. वेळ आहे तुला.”

‘वेळ आहे तुला.’ बारावीनंतर मला असं कुणी म्हटलं नव्हतं. घरी येताना लाल सिग्नलला मी ते मोठ्याने म्हणून पाहिलं.

त्यानंतरचं वर्षभर मी शनिवारी सकाळी त्या विमानतळावर जायचे. नवरा लेकीला कडेवर घेऊन कुंपणाबाहेर उभा राहायचा. ऑफिसातल्या बायका योगाला जातात तशी मी जाते, असं मी लोकांना सांगायचे. डब्लिनमधल्या मराठी काकूंना पूर्ण सांगितलं असतं तर ‘लहान मूल घरात असताना हे काय’ झालं असतं. बाबांनाही सांगितलं नाही. छोटं विमान शिकते आहे, एवढंच सांगितलं. आधी मिळू दे, मग सांगू. बाबांना वाचवलेल्या वर्षाचं सार्थक झालं असं एकदाच, नीट, फोटोसकट दाखवायचं होतं. वसंतात माझं लायसन्स आलं. डोळ्यांचं ऑपरेशनही करून घेतलं. सकाळी उठून चष्मा शोधायला हात जायचा आणि तिथे काहीच नसायचं, तेव्हा मी अंथरुणात एकटीच हसायचे.

मग साथ आली आणि सगळं बंद झालं. विमानतळ, शाळा, सरकारी कचेऱ्या. माझा नागरिकत्वाचा अर्ज कुठल्या तरी टेबलावर पडून राहिला. मी रोज कॉम्प्युटरवर त्याची स्थिती बघायचे आणि रोज ती तीच असायची. मला घरात त्या वर्षी सगळे घाबरून होते, मी इतकी चिडचिडी झाले होते. मुलाखतीचं पत्र आलं ते नोव्हेंबरचं. कागदावर मला तेहेतीस पुरं व्हायला तेव्हा जेमतेम सात महिने उरले होते.

आत फक्त अर्जदाराला सोडत होते, म्हणून नवरा पार्किंगमध्ये थांबणार होता. गाडीतून उतरण्यापूर्वी मी त्याला म्हटलं, “आज खरी तारीख सांगून टाकू का? विचारतात म्हणे, काही दुरुस्ती आहे का.”

तो म्हणाला, “यार, आत्ता? पुरावे मागतील. सगळं डिले होईल. सहा महिने, कदाचित वर्ष. तुझ्याकडे सेव्हन मंथ्स आहेत, पुरे आहेत ना?”

मला वाटलं, पुरे आहेत. मी एका क्षणात हिशेब केला, आणि चुकीचा केला. तेहेतिसाच्या आत अर्ज गेला की झालं, असं माझ्या डोक्यात बसलं होतं. बाईंनी ‘ट्रेनिंग सुरू व्हायला हवं’ म्हटलं होतं. मी ते ऐकलं होतं आणि मला हवं तसं ठेवून घेतलं होतं.

काचेपलीकडे मास्क लावलेला अधिकारी होता. सभ्य, थकलेला. त्याने माझा अर्ज ओळीओळीने वाचला. जन्मतारीख वाचली, एक जून, वर्षासकट. बरोबर आहे का म्हणून विचारलं. शेवटी पुन्हा विचारलं, यात काही दुरुस्ती करायची आहे का. त्याने पेन उचललेलं होतं. मी सांगितलं असतं तर त्याने ते लिहून घेतलं असतं. माझ्या डोक्यात त्या वेळी बाबांच्या आवाजात एकच वाक्य होतं, वर्ष वाया जाईल. मी ‘नाही’ म्हणाले आणि सही केली. पंधरा दिवसांनी एका मोठ्या हॉलमध्ये लांब लांब ठेवलेल्या खुर्च्यांवर बसून आम्ही काही जणांनी शपथ घेतली. मी फार खुशीत होते.

तळावरचा भरती बघणारा सार्जंट माझ्याहून लहान असेल. जानेवारीत त्याने मला बोलावलं. भरतीच्या लेखी परीक्षेतले माझे गुण त्याला आवडले होते, लायसन्स आवडलं होतं, बाईंनी लिहिलेलं पत्र तर त्याने वरच ठेवलं होतं. मग त्याने कॅलेंडर काढलं. “मार्चमध्ये निवड. नंतर मेडिकल. मग ऑफिसर ट्रेनिंग. फ्लाइंग स्कूलची सीट, सगळं नीट झालं तर, पुढच्या वर्षी मार्चमध्ये.” मग त्याने माझी जन्मतारीख पाहिली, कॅलेंडरवर बोट मागे-पुढे फिरवलं आणि त्याचा चेहरा पडला. “मॅम, तुम्ही वर्षभराने लहान असता तर बसलं असतं.”

मी हसले. तो गोंधळला. पुढच्या वर्षीच्या मार्चमध्ये मला खरी तेहेतीस पूर्ण व्हायला एक महिना बाकी असणार होता. मी वयाच्या सवलतीचं विचारलं. तो म्हणाला, ती बहुतेक आधीपासून सैन्यात असलेल्यांना मिळते. अर्ज करून बघा, पण मी तुम्हाला आशा दाखवणार नाही. त्याला वाईट वाटलं असावं, कारण मग त्याने मला हँगरमध्ये नेलं.

ते विमान जवळून बघितल्यावर पहिल्यांदा लक्षात येतं ते म्हणजे त्याचं वय. ते माझ्या बाबांच्या वयाचं असेल. शिडीने वर चढून मी उजवीकडच्या सीटवर बसले. सार्जंट खाली कुणाशी तरी बोलत होता. सीटचं कापड हातांनी घासून गुळगुळीत झालं होतं. समोर कितीतरी काटे, कितीतरी बटणं, आणि त्यांतली सात-आठ मला ओळखीची. मी कशालाही हात लावला नाही. दहा मिनिटं मांडीवर हात ठेवून, दवाखान्यात बसतात तशी बसले. मला तिथून उठायचं नव्हतं. आयुष्यात दुसरं काही मला इतकं हवं वाटलेलं नाही, नवरा आणि लेकसुद्धा मला न मागता मिळाले, आणि हे लिहिताना मला अपराधी वाटत असलं तरी ते खरं आहे.

मग मी जे आधी करायचं ते नंतर केलं. मामाने ग्रामपंचायतीतून माझ्या खऱ्या नोंदीची प्रत काढून पाठवली. निळ्या शाईत आईचं नाव, पुढे नुसतंच ‘मुलगी’, आणि एप्रिलमधली तारीख. पत्रिकेचं भाषांतर करून घेतलं. वकिलामार्फत तारीख दुरुस्तीचा अर्ज केला. उत्तर यायला काही महिने लागले, आणि ते अर्ध्या पानाचं होतं. जी तारीख तुम्ही स्वतः बरोबर असल्याचं शपथेवर सांगितलंत, ती आता बदलता येणार नाही. मी ते पत्र दोनदा वाचलं आणि मला त्यात चूक काढता आली नाही. तोपर्यंत एक जून येऊन गेला होता. नवऱ्याने सवयीने केक आणला होता आणि तो तसाच फ्रीजमध्ये राहिला.

बाईंना सांगायला मी विमानतळावर गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. “मी तुला वय विचारलं तेव्हा हे का सांगितलं नाहीस?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तेव्हा दोन्ही वयं एकच होती. ते त्यांना कळलं नाही आणि समजावून सांगायचं माझ्यात त्राण नव्हतं. “एक वाक्य बोलायचं होतं तुला त्या माणसाशी,” त्या म्हणाल्या. मग त्यांनी विमानाची चावी माझ्याकडे टाकली आणि आम्ही तासभर उडून आलो.

बाबांना मी तीन आठवडे फोन केला नाही. मी रागीट आहे, आणि माझा राग जवळच्या माणसावरच निघतो. कामाचं निमित्त सांगितलं. शेवटी त्यांचाच फोन आला. ते म्हणाले, “तुझी नागरिकत्वाची बातमी आज जोशीकाकांना सांगितली. त्यांचा मुलगा अजून रांगेत आहे. तू कशी सगळ्यांच्या पुढे. एक वर्ष वाचवलं होतं ना मी.” मी ‘हो बाबा’ म्हटलं. राग तिथेच बसला, कारण मला दिसलं की तो त्यांच्यावरचा नव्हताच. बाबा एका हेडमास्तरांसमोर खोटं बोलले, मी एका देशासमोर बोलले. ते बोलले तेव्हा त्यांना काही माहीत नव्हतं. मला मुदत माहीत होती, खरी तारीख माहीत होती, समोरच्याने पेनही उचललं होतं. वेळ वाचवायला मी वेळच देऊन टाकला. हे बाबांना सांगितलं असतं तर त्यांनी सगळं स्वतःकडे घेतलं असतं. म्हणून सांगितलं नाही. चष्म्यामुळे राहिलं, हेच त्यांच्या मनात होतं, तेच राहू दिलं.

ती राखाडी विमानं आमच्या घरावरून रोज जात नाहीत. आठवड्यातून एखाद-दोनदा सरावाला निघाली तर या बाजूने वळतात. आवाज भरीव असतो, खालचा. मी मीटिंगमध्ये असले तरी थांबते. माझ्या टीममधल्या लोकांना वाटतं, माझं नेटवर्क गेलं.

परवाच्या वसंतात लेकीच्या शाळेचा प्रश्न आला. इथे किंडरगार्टनला सप्टेंबरअखेर पाच पूर्ण लागतात आणि ती ऑक्टोबरची, दहा दिवसांनी मागे. हुशार मुलांना चाचणी देऊन आधी जाता येतं. तिला वाचता येतं, तिच्या बालवाडीच्या बाईही म्हणाल्या की ती सहज पास होईल. डब्लिनमधल्या सगळ्या काकूंनी मला फॉर्मची लिंक पाठवली. “अग, टेस्ट देऊन टाक, नाहीतर फुकट वर्ष जाईल,” असं प्रत्येकीचं म्हणणं. फॉर्म छापून मी फ्रीजवर चुंबकाने लावला होता. शेवटची तारीख सोमवारची होती.

रविवारी सकाळी बाबांचा व्हिडिओ कॉल आला. मी मागच्या अंगणात होते. लेक फरशीवर खडूने घर काढत होती. तिकडे धानोरीत संध्याकाळ, बाबा गॅलरीत बसलेले, मागे आईची तुळस.

“भरलास का फॉर्म?” त्यांनी विचारलं.

“नाही बाबा. नाही भरणार.”

“का ग? दहा दिवसांसाठी वर्ष घालवायचं?”

“घालवत नाहीये. राहू दे तिच्याजवळ. पुढे कधी लागलं तर असेल.”

बाबांना ते पटलं नाही. त्यांनी टायफॉइडची गोष्ट पुन्हा सांगितली, मी पुन्हा ऐकली. धाकट्या मुलांमध्ये बसायची लाज काय असते, ते त्यांनाच माहीत. मी म्हटलं, “ती तिच्याच वयाच्या मुलांत बसेल बाबा. ती कुणाच्या मागे नाहीये.”

“अजिजी, लुक, चिमणी,” लेक जमिनीवरून म्हणाली. ती त्यांना अजिजी म्हणते, का ते कुणालाच माहीत नाही. बाबांनी खडूच्या घरावरची चिमणी पाहिली, कौतुक केलं. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली. माझ्या बोलण्यातलं काहीतरी त्यांना लागलं होतं. माणूस साधा आहे पण मंद नाही.

“एक विचारू?” ते म्हणाले. “तुला कधी कमी पडलं का ते—”

तेवढ्यात आवाज आला. विमान आमच्या छपरावरून वळत होतं, खालून, चाकं आत घेतलेली, राखाडी पोट उन्हात. फोनमधून तो आवाज धानोरीला पोहोचला असणार, कारण बाबा थांबले. तोंड अर्धवट उघडं, हात थोडा वर, जसे ते नेहमी थांबायचे तसे. लेकीला ही सवय नाही. ती आपली चिमणीबद्दल इंग्रजीत बोलतच होती, तिचे ओठ तेवढे हलताना दिसत होते. मी वर बघितलं. उजवीकडच्या खिडकीत कुणीतरी बसलेलं असतं, इतक्या लांबून ते दिसत नाही, पण मी दर वेळी बघते.

आवाज उतरला.

“वर्ष?” बाबा म्हणाले.

नाही म्हणणं सोपं होतं. असाच प्रश्न मला एकदा काचेपलीकडून विचारून झाला होता आणि मी तेव्हा नाही म्हणाले होते.

“हो बाबा,” मी म्हटलं. “साडेदहा महिने कमी पडले.”

“कशाला?”

मी फोनचा कॅमेरा उलटा फिरवला आणि वर धरला. विमान पूर्वेकडे निघालं होतं, अजून चांगलं मोठं दिसत होतं.

“त्याला,” मी म्हटलं.

“ते तर चष्म्यामुळे राहिलं ना ग?”

“इथे दुरुस्त केलेले डोळे चालतात, बाबा. वय चालत नाही. मला खरी तारीख सांगायची संधी होती. मीच नाही सांगितली.”

मी हात खाली घ्यायला लागले तेव्हा बाबा बोलले, आणि त्यांचा आवाज ओळखू येत नव्हता.

“असू दे,” ते म्हणाले. “खाली नको घेऊस. दाखव अजून.”

मी फोन पुन्हा वर धरला. विमान शेजाऱ्यांच्या छपरामागे जाईपर्यंत हात तसाच ठेवला, आणि ते गेल्यावरही थोडा वेळ ठेवला, कारण बाबांनी पुरे म्हटलं नव्हतं.